जो लुईसची थकबाकी

27 सप्टेंबर 1950 च्या रात्री न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जो लुईस रिंगमध्ये चढला तेव्हा तो 36 वर्षांचा होता. दीड वर्षापूर्वी, 1 मार्च 1949 ला, जगाचं हेवीवेट विजेतेपद हातात असतानाच त्याने निवृत्ती जाहीर केली होती. जवळपास बारा वर्षं तो किताब त्याच्याकडे होता आणि 25 वेळा त्याने तो राखला होता. एवढं मिळवून वर धडधाकट शरीर घेऊन बाहेर पडणारे मुष्टियोद्धे तेव्हाही विरळाच होते. तरीही तो परतला. समोर त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान एझर्ड चार्ल्स होता. पंधरा फेऱ्या झाल्या आणि पंचांनी एकमताने चार्ल्सला विजयी ठरवलं. सुजलेला चेहरा घेऊन लुईस खाली उतरला. या रात्रीचे त्याला साधारण 1 लाख डॉलर मिळाले.

तो परतला याला कारण एकच होतं. अमेरिकेचं प्राप्तिकर खातं त्याच्याकडे पाच लाख डॉलरच्या आसपास थकबाकी मागत होतं.

कारकिर्दीत त्याने एकूण 46 लाख डॉलर कमावले आणि त्यातले त्याच्या स्वतःच्या हाती आले 8 लाखांच्या आसपास, असा आकडा सर्रास सांगितला जातो. ही तफावत कशी पडली आणि थकबाकी पुढे दुपटीवर कशी गेली, एवढ्यापुरतंच हे प्रकरण मांडतोय. त्याच्या सगळ्या लढती इथे सापडणार नाहीत.

या प्रकरणाची एक लोकप्रिय कथा आहे. युद्धात लुईसने दोन लढतींचं मानधन सैन्याच्या मदतनिधीला देऊन टाकलं आणि कृतघ्न सरकारने त्याच दानावर कर लावून त्याला भिकेला लावलं. कथा ऐकायला चोख आहे, खोटीही नाही. पण आकडे मांडून पाहिले की ती अपुरी पडते.

परत केलेली मदत

जोसेफ लुईस बॅरो जन्मला 13 मे 1914 रोजी, अलाबामातल्या लाफायेट गावाजवळ. वडील कुळाने शेती करणारे, पुढे मनोरुग्णालयात गेले. आईने दुसरं लग्न केलं आणि 1926 मध्ये हे मोठं कुटुंब डेट्रॉइटला आलं. पोराने व्हायोलिन शिकावं म्हणून आई पैसे द्यायची आणि पोरगा त्यातून ब्रूस्टर केंद्रातल्या बॉक्सिंगची फी भरायचा. हा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्याच्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. मंदीच्या काळात हे कुटुंब सरकारी मदतीवर जगलं होतं. लुईसला पैसे मिळायला लागल्यावर त्याने ती मदत शहराला परत केली. कोणी मागितली नव्हती. अशी मदत परत करायची पद्धतही नव्हती. सरकारचं देणं बुडवण्याची वृत्ती या माणसात नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या आकड्यांत ते हरवून जातं.

4 जुलै 1934 ला शिकागोत त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली. कमाई 59 डॉलर.

त्याचे मॅनेजर जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक, दोघेही कृष्णवर्णीय. रॉक्सबरोचा मुख्य धंदा डेट्रॉइटमधला आकड्यांचा जुगार. प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न, स्वतः जुना मुष्टियोद्धा. आणि लढती भरवणारा माइक जेकब्स, ज्याच्या हातात न्यूयॉर्कची दारं होती. जॅक जॉन्सन या पहिल्या कृष्णवर्णीय हेवीवेट विजेत्याचा गोऱ्या अमेरिकेने कसा द्वेष केला होता हे या मंडळींनी पाहिलेलं. म्हणून लुईसला नियम घालून दिले होते. गोऱ्या बाईबरोबर फोटो नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे हसणं नाही, बढाई नाही. तोंड कसं ठेवायचं हे त्याला शिकवलं गेलं; पावती कशी ठेवायची हे कोणी शिकवलं नाही.

सुरुवातीच्या करारांत मॅनेजरांचा वाटा जवळपास निम्मा होता. तालमीचा खर्च वेगळा. उरलेल्यातून लुईसचा हात सढळ. घोड्यांचं फार्म, शिकागोतला नाइट क्लब, 'ब्राउन बॉम्बर्स' नावाची सॉफ्टबॉलची टीम, नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र. गोल्फवर पैजा लावायचा आणि हरायचा. पैसे संपले की जेकब्सकडे उचल मागायची. जेकब्स कधी नाही म्हणायचा नाही. पुढच्या लढतीतून वळते करून घेता येत असतील तर कोण कशाला नाही म्हणेल? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असला हा संसार.

डावा हात

इथे जरा रिंगकडे वळतो. रिंगमधल्या आणि हिशेबातल्या लुईसमध्ये केवढं अंतर होतं ते तिथेच दिसतं.

19 जून 1936 ला जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. तोवर लुईस व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही हरला नव्हता. श्मेलिंगने त्याच्या लढतींच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या आणि त्याला एक गोष्ट दिसली होती. डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटकन मारलेला सरळ ठोसा, मारून झाला की लुईस तो हात सरळ हनुवटीकडे परत आणत नाही, थोडा खाली सोडतो. तेवढ्या फटीतून श्मेलिंगचा उजवा ठोसा रात्रभर आत येत राहिला.

ब्लॅकबर्नने ती फट बुजवली. पुढच्याच वर्षी, 22 जून 1937 ला, शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून लुईस विश्वविजेता झाला. पण श्मेलिंगला हरवल्याशिवाय मला विजेता म्हणू नका, असं तो सांगायचा. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, 22 जून 1938 ला, यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या गर्दीपुढे दोघे पुन्हा भेटले. हिटलरचा माणूस विरुद्ध लोकशाहीचा माणूस, असा रंग दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी भरला होता. श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य नव्हता आणि लुईसला स्वतःच्या देशातल्या बऱ्याच हॉटेलांत जेवायला बसता येत नव्हतं, पण ते राहू द्या. लढत 2 मिनिटं 4 सेकंद चालली. लुईसचे ठोसे लांबून फिरवून येत नसत. पाय सरपटत पुढे यायचे आणि हात जेमतेम वीतभर हलायचा. एक ठोसा दोऱ्यांना टेकलेल्या श्मेलिंगच्या कमरेत बसला आणि तो ओरडल्याचं प्रेक्षकांना ऐकू गेलं. तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल फेकला.

या दोन मिनिटांची लुईसची कमाई साडेतीन लाख डॉलरच्या घरात होती. म्हणजे सामान्य माणसाची जन्मभराची मिळकत एका रात्रीत, एका आर्थिक वर्षात. हा मुद्दा लक्षात ठेवा.

मार्च 1942

1941 मध्ये लुईसने किताब सात वेळा राखला. जानेवारी ते जून दर महिन्याला एक लढत आणि सप्टेंबरमध्ये सातवी. जूनची लढत बिली कॉनविरुद्धची. तीत लुईस गुणांवर मागे होता आणि तेराव्या फेरीत त्याने कॉनला पाडलं. पैसा येत होता, वाटा जात होता, उचल फिटत होती, नवी उचल होत होती.

त्या काळी अमेरिकेत मिळकतीतून कर आधीच कापून घ्यायची पद्धत नव्हती. ती 1943 च्या कायद्याने आली. तोवर या वर्षीचा कर पुढच्या वर्षी 15 मार्चपासून भरायचा. म्हणजे 1941 च्या सात लढतींचा कर मार्च 1942 मध्ये देय झाला. आणि जानेवारी 1942 मध्ये लुईस सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला होता. शिपायाचा पगार महिना 21 डॉलर.

पर्ल हार्बरनंतरचे ते दिवस. 9 जानेवारी 1942 ला त्याने बडी बेअरला पहिल्याच फेरीत हरवलं आणि आपलं मानधन, सुमारे 47 हजार डॉलर, नौदलाच्या मदतनिधीला दिलं. त्या नौदलात तेव्हा कृष्णवर्णीयांना जवळपास स्वयंपाकघराबाहेर काम मिळत नव्हतं. 27 मार्चला एब सायमनशी लढला आणि ते 36 हजारांच्या आसपासचे पैसे भूदलाच्या निधीला. वर सैनिकांसाठी स्वतःच्या खिशातून तिकिटंही घेतली.

आता दानावरच्या कराचं बघू. अमेरिकन न्यायालयांनी 1930 मध्येच ठरवून टाकलं होतं की ज्याने कमावलं त्याचं ते उत्पन्न, मग पैसे कोणाच्याही हातात पडोत. झाड ज्याचं त्याचंच फळ, असा दाखलाही त्या निकालात आहे. म्हणजे मानधन आधी लुईसचं, मग निधीचं. दानाची वजावट मिळते, पण तेव्हा व्यक्तीला ती उत्पन्नाच्या 15 टक्क्यांपर्यंतच होती. ज्याने वर्षाची जवळजवळ सगळी कमाईच देऊन टाकली, त्याच्या दानाचा मोठा भाग या मर्यादेबाहेर पडतो. लुईसला किंवा त्याच्या माणसांना हे आधी कळलं असतं तर दानाची रक्कम बेतता आली असती. विचारलंच कोणी नाही. मदतनिधीच्या लोकांनीही नाही, आणि त्यांचा मला खरं तर जास्त राग येतो.

पण दोन्ही रकमा मिळून लाखभर डॉलरसुद्धा होत नाहीत. त्यांच्यावरचा सगळा कर, सगळं व्याज धरलं तरी 1950 ची पाच लाखांची मागणी त्यातून उभी राहत नाही. दुखरा भाग तोच असला तरी थकबाकीचा मोठा ढीग दुसरीकडे होता.

युद्धात लुईसने सैनिकांपुढे 96 प्रदर्शनीय लढती केल्या, जवळपास वीस लाख सैनिकांनी त्या पाहिल्या. फोर्ट रायली छावणीत, पुढे बेसबॉलमध्ये नाव कमावलेल्या जॅकी रॉबिन्सनसकट, कृष्णवर्णीय जवानांना अधिकारी प्रशिक्षणाला घेत नव्हते, तिथे लुईसने आपल्या ओळखी वापरून दार उघडायला मदत केली. इकडे त्याची जुनी माणसं मात्र गळत गेली. ब्लॅकबर्न एप्रिल 1942 मध्ये वारला. रॉक्सबरो जुगाराच्या खटल्यात तुरुंगात गेला. घरखर्च चालत होता तो जेकब्सच्या उचलीवर. 1945 मध्ये लुईस सैन्यातून बाहेर पडला तेव्हा छातीवर लिजन ऑफ मेरिट हे पदक होतं आणि डोक्यावर जेकब्सचं, मॅनेजरचं आणि सरकारचं असं तिहेरी देणं.

सहा लाखांची रात्र

19 जून 1946. बिली कॉनशी पुन्हा लढत. तिकिटांची विक्री वीस लाख डॉलरच्या जवळ गेली. लुईसने आठव्या फेरीत कॉनला पाडलं आणि त्याच्या नावावर सहा लाखांहून जास्त डॉलर लागले. सगळी देणी फिटायला हवी होती, नाही का?

मॅनेजरांचा वाटा गेला. जेकब्सच्या युद्धकाळातल्या उचली वळत्या झाल्या. पत्नी मार्वाशी 1945 मध्ये घटस्फोट झाला होता, तिचा वाटा होता. मग कर. 1946 मध्ये 2 लाखांवरच्या उत्पन्नाला कराचा दर 86 टक्क्यांहून जास्त होता. म्हणजे वरच्या प्रत्येक डॉलरमागे मागे राहायचे चौदा सेंटसुद्धा नाहीत. आणि हिशेबनिसांनी दाखवलेल्या वजावटी खात्याने पुढे तपासून नाकारायला सुरुवात केली.

माझ्या मते प्रकरणाची मेख इथे आहे. दोन माणसं घ्या. एकाला दहा वर्षं दरसाल 60 हजार मिळतात. दुसऱ्याला नऊ वर्षं काही नाही आणि दहाव्या वर्षी 6 लाख. मिळकत सारखीच, पण चढत्या दरांमुळे दुसऱ्याचा कर कितीतरी जास्त. मुष्टियोद्धा हा कायम दुसरा माणूस असतो. त्याची वर्षं मोजकी, लढती त्याहून मोजक्या, आणि कायदा मात्र वर्षागणिक हिशेब मागतो. तेलाच्या विहिरीला झीज म्हणून वजावट होती. लुईसच्या हातांना, डोक्याला नव्हती. चढउताराची मिळकत मागच्या वर्षांत विभागून दाखवायची सोय अमेरिकेत 1964 च्या कायद्याने आली. तोवर लुईस पन्नाशीचा झाला होता.

आणि ही मेख दुहेरी होती. जुना कर फेडायला नवे पैसे कमवायचे तर त्या नव्या पैशांवर आधी नवा कर. जुना कर भरला म्हणून वजावट नाही. वर थकबाकीवर सालाना 6 टक्के व्याज. पाच लाखांवर ते 30 हजार होतं. आता 1950 च्या त्या चार्ल्सच्या रात्रीकडे परत चला. 1 लाख मिळाले. त्यातून वाटेकरी आणि तालमीचा खर्च. उरल्यावर चालू वर्षाचा कर. मग राहिलं-साहिलं जुन्या थकबाकीत, आणि तेही आधी व्याजात मुरणार. पंधरा फेऱ्या मार खाऊन मुद्दल जागचं हललं नसेल. म्हणून मग आणखी लढती. 26 ऑक्टोबर 1951 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोऱ्यांतून बाहेर ढकललं. लुईस 37 वर्षांचा होता. जिंकलेला मार्सियानो नंतर ड्रेसिंग रूममध्ये रडला.

कोणी म्हणेल, निवृत्तीच्या वेळी धंद्यात पडून सावरायला हवं होतं. त्याने तेही केलं होतं. 1949 मध्ये नवी बॉक्सिंग संस्था काढणाऱ्या धनिकांशी करार करून त्याने रोख रक्कम, पगार आणि हिस्सा घेतला. पण रोख रक्कम हातात पडली की तिलाही तोच दर.

मागून आलेला हिशेब

1953 मध्ये त्याची आई वारली. तिने त्याच्यासाठी 667 डॉलर ठेवले होते. ते खात्याने घेतले. ज्या घराने मंदीतली सरकारी मदत परत केली होती, त्याच घरातले हे पैसे. मुलांसाठी राखून ठेवलेला विश्वस्त निधीही गेला. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर मागणी दहा लाखांच्या पलीकडे पोचली होती आणि ती कधीही वसूल होणार नाही हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

1956 मध्ये लुईस व्यावसायिक कुस्तीत उतरला. ठरवून होणारी कुस्ती, तिच्यातही छातीला मार बसला आणि डॉक्टरांनी थांबवलं. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत बसला. पंचगिरी केली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. त्याची कर्जमाफी करावी असा प्रस्ताव अमेरिकन काँग्रेसमध्येही आला, पुढे सरकला नाही.

गाडं हललं ते 1959 नंतर. त्या वर्षी त्याने मार्था जेफरसनशी लग्न केलं. ती लॉस एंजेलिसमधली वकील. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खात्याने व्यवहाराचा मार्ग काढला. जुनी थकबाकी कागदावर राहू द्यायची आणि चालू मिळकतीवरचा कर तेवढा घ्यायचा. एवढीच गोष्ट दहा वर्षं आधी झाली असती तर चार्ल्स नाही, मार्सियानो नाही, कुस्तीही नाही. खात्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की एका माणसासाठी कायदा वाकवायचा अधिकार त्याच्या कारकुनांना नव्हता. तडजोडीचा अधिकार मात्र खात्याला आधीही होता.

शरीराने आणि मनाने आपला हिशेब वेगळा मागितला. कोकेन आलं, संशय आला. 1970 मध्ये घरच्यांनी त्याला डेन्व्हरला मनोरुग्णालयात ठेवलं. बाहेर आल्यावर लास वेगासच्या सीझर्स पॅलेसने त्याला नोकरी दिली. येणाऱ्या पाहुण्यांशी हात मिळवायचे, गोल्फ खेळायचं, फोटोत उभं राहायचं. बऱ्याच पत्रकारांनी यावर हळहळ लिहिली आहे. मला ती तितकीशी पटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दरमहा ठरलेला पगार मिळत होता.

दरम्यान श्मेलिंग जर्मनीत कोका-कोलाच्या धंद्यात श्रीमंत झाला होता. 1954 मध्ये तो शिकागोत लुईसला शोधत आला, तेव्हापासून दोघांची मैत्री राहिली आणि अडीनडीला तो गुपचूप पैसेही देत असे.

1977 मध्ये लुईसच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो चाकांच्या खुर्चीत होता. 11 एप्रिल 1981 च्या रात्री सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक यांची हेवीवेट विजेतेपदाची लढत होती. त्याला रिंगजवळ आणलं तेव्हा सगळं सभागृह उठून उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय 66.

आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळायच्या निकषांत तो बसत नव्हता. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ते निकष त्याच्यासाठी बाजूला ठेवले आणि 21 एप्रिलला लष्करी इतमामाने त्याला तिथे पुरलं. अंत्यविधीच्या खर्चातला काही भाग श्मेलिंगने उचलला.